मीठ, दीड शेर

किरणपाण्याच्या नाक्यावर शिपायाला खोली मिळे,
पण कुटुंबवाल्यालाच, असा कागद होता.
तुझं कुटुंब शिमग्याआधीच मातीत गेलेलं.
मागे अकरा महिन्यांची मोनिक,
आणि साहेब तपासणीला यायचा होता.

मला नदीच्या त्या काठावरून निघायचं होतं.
भावानं भाटकाराकडून उचललेले पैसे
माझ्या हातांनी फिटायचे ठरलेले.
ज्याच्या नावानं साडो शिवून ठेवला
तो आफ्रिकेच्या आगबोटीत चढला,
नंतर चिठी नाही, चपाटी नाही.

पाद्रीनं दोघांचं गाऱ्हाणं एकाच दुपारी ऐकलं
आणि पुढच्या सोमवारी उरकून टाकलं.
रोस नाही, वाजप नाही.
वहीत तुझी सही: बस्त्यांव.
माझा अंगठा, बाजूला पाद्रीच्याच अक्षरात इस्परांस.

होडीत तू पुढे, मी मागे, मध्ये रडणारी पोर.
धक्क्यावर उतरलो तसा तू टोपी घातलीस
आणि परक्याला विचारावं तसं विचारलंस,
"काही जाहीर करायचं?"
"नाही," मी म्हटलं.
तुझ्याशी बोललेला माझा पहिला शब्द. तोही खोटा.
बोचक्यात, साड्याच्या घडीत, आईच्या आगरातलं मीठ होतं.
दुसरं काही तिच्याकडे द्यायला नव्हतंच.

तू ओसरीवर झोपायचास.
मी पेज वाढायची, नाक्याचा कंदील पुसायची,
तू मान हलवायचास.
पलीकडून आमोरीची घंटा पाण्यावरून यायची
तेव्हा मी उभी राहायची,
तू पाठ करून जाळं विणत बसायचास.
देवाशी तुझं बोलणं बंद होतं.
मी विचारलं नाही. ठरलंच होतं तसं,
कुणी कुणाला विचारायचं नाही.

गोवराच्या साथीत मोनिकचं अंग तव्यासारखं झालं.
तिसऱ्या रात्री मी लादाईन म्हणायला लागले,
एकटीच म्हणत होते, एकटीच जबाब देत होते,
आणि मध्येच आवाज बसला.
अंधारातून तू जबाब दिलास,
"आमच्यासाठी विनंती कर."
चुकीच्या जागी, घोगरा, गंजलेल्या कडीसारखा.
मी पुढचं नाव घेतलं. तू परत दिलास.
उजाडेपर्यंत आपण तसेच, मध्ये पोर ठेवून.
घाम फुटला तिला, तेव्हा तू बाहेर जाऊन
बराच वेळ होडीचं पाणी उपसत राहिलास.
होडी कोरडी होती, बस्त्यांव.

त्यानंतर ओसरीवर फक्त जाळं झोपायचं.

पण सांगायचं हे नव्हतं.
काल वाळवी लागलेल्या जुन्या वह्या
चुलीला घालायला दिल्यास.
मोनिकला आता अक्षर लागतं,
कागद दिसला की मोठ्यानं वाचते.
बोकड दोन. काथ्या, तीन भारे. माडाची सूर.
मग म्हणाली, "मांय, हे बघ, तुझं नाव."

सोमवार. इस्परांस, बस्त्यांव शिपायाची बायको.
मीठ, दीड शेर.
जकात दीड आणा, भरली.

पगार सात रुपये होता तुझा.
आणि मी इतकी वर्षं समजत होते
की मी तुला फसवून आत आले.

ते पान मी चुलीत घातलं नाही.
साड्याच्या घडीत ठेवलंय, मीठ होतं तिथे.
तुला सांगितलेलंही नाही.
आज बांगड्याच्या कढीत मीठ जरा चढलं,
माझं लक्ष नव्हतं.
तू दोनदा मागून घेतलीस.