उशीर

नेविल ट्रॅगरने दोन डबे आणून ठेवले,
आइस्क्रीमचे, झाकणाला चिकटपट्टी.
एकावर पेन्सिलीने : कुंपण.
दुसऱ्यावर : मधलं शेत.
दोन्हींत तेच रायगवत,
तुसासकट, नखाच्या चिरेत मावेल एवढं बी.

"मधलं औषधाला दाद देत नाही," म्हणाला,
"ते मला ठाऊक आहे, ते नको सांगूस.
उगवतं कधी, तेवढं सांग."

कधी.
पर्थपासून तीन तास आत, गव्हाच्या पट्ट्यात
मी ह्या एका शब्दाचा पगार घेते.

काचेच्या बशीत पन्नास पन्नास मांडली,
आगरच्या थरावर, चिमट्याने, श्वास आवरून.
एक शिंक आली की सकाळ वाया.
दिवसा पंचवीस अंश, रात्री पंधरा :
बाहेर जानेवारीत पत्रा चटके देतोय
आणि कपाटात मी मे महिना लावलाय.
निम्म्या बशा चांदीच्या कागदात गुंडाळल्या,
त्यांना वाटावं, आपण मातीत आहोत.

पाचव्या दिवशी कुंपणाचं बी
हजेरीला हजर, पन्नासांत सत्तेचाळीस.
मधल्या शेताचं
अळीमिळी गुपचिळी.

कागदातल्या बशा हिरव्या दिव्याखाली उघडायच्या.
हिरवा उजेड बियांना कळत नाही म्हणतात.
माझेच हात मला शेवाळलेले दिसतात त्यात,
आणि मी उगाच हळू चालते,
कुणी जागं होईल म्हणून.
व्हावं, म्हणूनच तर पगार.

एकविसाव्या दिवशी नेविल आला. टोपी हातात.
"मेलं?"
मी एक बी चिमट्यात धरून दाबलं.
मेलेलं असतं तर पिचकलं असतं.
हे टणक. आत पांढरं.
"झोपलंय?"
"थांबलंय."

मग बशीकडे बघत तोच बोलला :
बाबांचा नेम होता.
एप्रिलअखेर ओल धरली की दहाव्या दिवशी फवारा.
चर्च चुकेल, दहावा दिवस नाही.
तीस वर्षं.

तीस वर्षं
जे जे वेळेवर आलं ते ते जळलं.
उरलं ते रेंगाळणारं, अकराव्या दिवसाचं.
त्याचं बी, त्या बियाचं बी
माझ्या बशीत डोळे मिटून.
विष पचवायला ते आधी शिकलं की नंतर, कोण जाणे.
वाट बघायला मात्र
त्याला घड्याळ लावून शिकवलं गेलं.

हे मी बोलले नाही. म्हटलं,
उरलेला डबा शेडच्या पत्र्याखाली ठेव,
दोन महिने तापू दे. ऊन खाल्लं की बी सैल होतं.
मग ओल नि अंधार. मग उजेड.
"म्हणजे त्याचे लाड करायचे," नेविल म्हणाला.
"उगवेपर्यंत."
तो हसला नाही. टोपी घातली.

प्रयोग अठ्ठावीस दिवसांचा. वही मिटली.
एकोणतिसाव्या दिवशी बशा धुवायला घेतल्या
तर मधल्या शेताच्या सातव्या बशीत
एक पांढरं मूळ, दोन मिलिमीटर,
काचेची कड चाचपत.

वहीत त्याला रकाना नाही.
नळ सोडलेलाच होता.
मी बंद केला.