चौदा युनिट

"आठवड्याला किती युनिट?" नर्स विचारते.
अच्युत म्हणतो, मीटर बघून सांगतो.
साउथ शील्ड्सच्या दवाखान्यात कुणी हसत नाही.
मी हसते, मराठीत, तोंड मिटून.

जुने डॉक्टर म्हणाले होते,
रोज पेलाभर लाल वाइन, हृदयाला बरी.
तेव्हापासून ती आमच्या घरात औषध झाली,
माझ्या भावालाही तसंच सांगितलं फोनवर.

हा जहाजावरचा इंजिनिअर,
टाकीत दोरी सोडून तेलाची खोली मोजणारा.
पेल्यावर बाहेरून रेघ ओढली,
माझ्याच नेलपॉलिशची.
रेघ त्यानं कधी ओलांडली नाही.
पेला मात्र दोनदा फुटला
आणि दर वेळी रेघ
बोटभर वर सरकली.

आता नवी डॉक्टर, आमच्या नातीएवढी.
म्हणते, ते हिशेब चुकले होते.
थोडी पिणारे मुळातच धडधाकट,
फिरायला जाणारे, भाज्या खाणारे, पेन्शनवाले.
श्रेय वाइननं खाल्लं.
न पिणाऱ्यांत तर असेही होते
ज्यांनी आजारी पडून सोडली होती.
चौदाच्या आत ठेवा, काका.
त्याहून कमी, तर उत्तमच.

अच्युत कोटाची बटणं लावतो, एक चुकवून,
पास अचानक बाद झालेल्या प्रवाशासारखा.

बसमध्ये मला खाटीक आठवतो, मिरजेचा.
"काळीज द्या पाव किलो," आई म्हणायची,
तो यकृत तोलायचा.
आणि संध्याकाळी तीच आई,
पोरगं उशिरा आलं की,
काळीज तुटतं रे, म्हणायची.
एकाच शब्दात दोन भाडेकरू.
एकाच्या नावानं आलेली बाटली
दुसऱ्याच्या दारात उतरलेली.
इतकी वर्षं आम्ही पत्ता नीट वाचलाच नव्हता.

रात्री तो ओततो. रेघ भिंतीकडे वळवून.
"हृदयासाठी?" मी विचारते.
"नाही," तो म्हणतो. "अंधार चारलाच पडतो इथं,
आणि त्यावर तू गोळी देत नाहीस."
मी गप्प.
ही गोष्ट त्यानं डॉक्टरला सांगायला हवी होती.
मलाही, केव्हाच.

बुधवार कोरडा ठरला आहे.
बुधवारी तो रेघेपर्यंत पाणी भरतो,
खिडकीशी बसतो, फेरीचे दिवे बघत.
मी माझा चहा घेऊन शेजारी.
पेल्याला कप लावते.
पाण्याचा आवाज वेगळा येतो,
जरा बसका.