दोन, तीन, सात

डॉक्टर आकडे सांगतात, मी लिहून घेते.
दोन. तीन. दोन.
बोथट सळई दात आणि हिरडीच्या मधे उतरते,
ओहोटीला काठी रोवून
आम्ही चिखल किती खोल ते बघतो, तशी.
तीन. तीन. पाच.
पाचला मी मान वर करते.
सात.

आमचा दवाखाना म्हणजे एक लाँच,
चिलोएच्या लहान बेटांना दर तीन महिन्यांनी लागणारी.
खुर्ची तळाला बोल्टांनी आवळलेली. आम्ही नाही.
लाट आली की डॉक्टर ओयार्सो हात वर धरून थांबतात.

खुर्चीत एलेउतेरिओ पाइयाकार,
वय एकसष्ट, होड्या बांधतात,
नखांत डांबर, खिशात सिगारेटचं पाकीट.
"दुखत काहीच नाही," म्हणाले, तक्रार केल्यासारखं.
"मुलीने पाठवलं. दात हलतोय म्हणे.
रक्त? थेंब नाही. ब्रश फिरवा नाहीतर करवत."

फोटोत हाड मागे सरलेलं,
ओहोटीच्या पाण्यासारखं.
फक्त हे पाणी परत येत नसतं.

"रक्त येत नाही ते सिगारेटमुळे," डॉक्टर म्हणाल्या.
"चोर आत शिरलाय,
आणि कुत्र्याचं तोंड तुम्हीच बांधून ठेवलंय."
त्यांना ते पटलं नाही.
मग डॉक्टरांनी विचारलं,
"होडी आधी कुठे कुजते?"
तोंडात कापसाचे बोळे, तरी उत्तर लगेच आलं:
"पाण्याखाली. दिसत नाही तिथे."
आणि मग बराच वेळ
कोणी काही बोललं नाही.

पहिल्या दिवशी डावी बाजू, दुसऱ्या दिवशी उजवी.
हिरडी बधिर करून
मुळापर्यंत खरवडत जायचं.
स्टीलच्या ताटलीत काळे कण टकटक पडत होते.
त्यांनी एक मागून घेतला, चिमटीत चोळला.
"हे तर पिकोरोको," म्हणाले.
खडकाला, होडीच्या बुडाला
घर करून बसणारा आमच्याकडचा शिंपला.
"आम्ही उन्हाळ्यात होडी आडवी करून तासतो.
तोंड कधी आडवं केलंच नाही."

माझ्या आईचे वरचे सगळे दात
पंचविसाव्या वर्षी एका दुपारी काढले.
तेव्हा इलाज म्हणजे पकड.
ती हसताना हात तोंडावर न्यायची,
लोकांना वाटायचं, लाजते.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
आरसा हातात दिला, इवलासा ब्रश दिला,
बाटली धुवायचा असतो तसा, पण मुंगीच्या बाटलीचा.
"फळीवर नको. सांध्यात. रोज रात्री.
मोठा ब्रश तिरका धरा, हिरडीच्या कडेला."
त्यांनी दोनदा करून दाखवलं,
तिसऱ्यांदा माझी पद्धत दुरुस्त केली.
सांध्यांत सालीचा काथ्या ठोकण्यात आयुष्य गेलेलं,
मी कोण शिकवणार.

तीन महिन्यांनी लाँच लागली
तर धक्क्यावर तेच पहिले, रागावलेले.
"सिगारेट सोडली!
तेव्हापासून ब्रशला रक्त दिसतंय.
बरं करायला आलात की मारायला?"
डॉक्टर मोठ्याने हसल्या.
"भुंकलं एकदाचं!
आता रोज घासा, दोन आठवड्यांत गप्प होईल."

एक दाढ मात्र गेली.
कागदात गुंडाळून घेऊन गेले,
नव्या होडीच्या कण्यात एका खाचेत बसवणार म्हणे.
असा काही रिवाज नाही.
मी विचारलं तर म्हणाले,
"तिने काम केलंय चाळीस वर्षं. पाण्यात जाऊ दे."

दोन. दोन. तीन.
पेन्सिलचं टोक मोडलं, दुसरी घेतली.
तीन. चार.
सातच्या जागेपाशी सळई थांबली.
त्यांचा डोळा छतावरून माझ्या कागदावर आला.
"पाच," डॉक्टर म्हणाल्या.
त्यांनी पाच बोटं वर केली, मला विचारत:
हे चांगलं की वाईट?

खाली पाणी चढत होतं.
मी पाच लिहिले,
आणि पुढची तारीख.