वीस तेत्री

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
वीस तेत्री टाका, मग कुठे ती
कण्हत कण्हत नवव्या मजल्याला जाते.
खाली उतरणं मात्र फुकट.

मारेखीच्या फोनमध्येही असंच काहीतरी आहे,
हे कळायला मला आठ महिने लागले.

मी रात्री भट्टीवर असते.
कमरेतून वाकून, अर्धी आत,
तापल्या भिंतीला शोतीचे पाव थापते.
भुवया केव्हाच जळून गेल्यात.
घरी येते तर तिच्या दाराखाली निळा उजेड.

फेब्रुवारीत एकदा म्हणाली होती, चहा ढवळत, सहज:
"एक मुलगी न्हाणीघरात बसून रडत होती, आई.
मी लगेच पुढे सरकवलं नाही.
एवढंच."

एवढंच.
तीन सेकंद असतील. चार.
तेवढ्यात कुठेतरी नोंद झाली: हिला हे हवंय.
दुसऱ्या दिवशी दोघी आल्या रडणाऱ्या,
आठवड्यात अख्खी आळी.
ताट सरकवून दिलेल्या, आरसे झाकलेल्या,
मध्यरात्री छताशी बोलणाऱ्या,
आणि प्रत्येकीमागे पियानोचे तेच चार सूर.

माणूस कशाने थांबतो?
ताज्या पावाच्या वासाने थांबतो.
रस्त्यात कुत्रं चाकाखाली आलं तरी थांबतो.
पाठीमागून पाहणाऱ्याला
दोन्ही थांबणी सारखीच दिसतात.

माझी पोर जिन्यातल्या मांजरांना नावं द्यायची.
आता स्वतःला नावं ठेवते.
"मी अशीच आहे," म्हणते,
"आणि माझ्यासारख्या किती आहेत, बघ."
मी बघत नव्हते. मला पहाटे चारला पीठ मळायचं असतं.

मग एका रात्री, दोन घाण्यांच्या मधल्या वेळात,
मी माझ्याच फोनवर टाइप केलं: मुलगी बोलत नाही.
पिठाळ अंगठ्याने.
काच पांढरी झाली, पण त्याला वाचता आलं.
एक बाई सांगत होती, आईच्या सात चुका.
दुसरी सांगत होती, तुला उशीर झालाय.
तिसरीला मुलगीच उरली नव्हती.
मी थांबले. अर्थात थांबले.
वाझा ओरडला तेव्हा पीठ फुगून
परातीबाहेर जमिनीवर आलं होतं
आणि खिडकीबाहेर उजाडत होतं.

ते पीठ मी खरवडून काढलं.
मारेखीला कधी सांगितलं नाही.

काल पर्समध्ये सुटे नव्हते.
तिच्याकडेही नव्हते. जिना चढायला लागलो.
चौथ्या मजल्यावर ती कठड्याला धरून थांबली.
माझ्या डोक्यात सातच्या सात चुका जाग्या झाल्या.
मी काही ठरवलं नाही. विचारलं,
"का थांबलीस?"
"दम लागलाय."
बरं.

सहाव्यावर पुन्हा थांबली.
पुन्हा विचारलं.
या वेळी दम नव्हता.

पायरीवर बसून ती काय बोलली
ते मी इथे लिहिणार नाही.
टिपून घ्यायला कोणीच नाही
अशी तेवढी एक जागा तिची राहू दे.
मध्येच जिन्यातला दिवा गेला.
कोणी उठून लावला नाही.

पिशवीतला पाव अजून कोमट होता.
तिने त्याचं टोक मोडलं,
चावत राहिली बराच वेळ.
वर तीन मजले बाकी होते.