तुटक रेघ

न्यामिरंगा गावात आता दोन बँका आहेत,
तिसरीची पाटी लागली आहे, बँक यायची आहे.
तेलाच्या विहिरींवर कामाला आलेली माणसं
भाड्याची खोली विचारत फिरतात,
आणि गाव वाढत्या पोराच्या मनगटासारखं
बाहीतून बाहेर आलंय.

मी नगर परिषदेत नकाशे काढतो.
थर्माकोल कापून आम्ही वीस वर्षांनंतरचं गाव केलं:
काडेपेटीएवढी दुकानं,
भांडी घासायच्या स्पंजाची झाडं,
साबणाच्या वडीएवढा बसतळ,
आणि मधोमध कारंजं,
दह्याच्या डब्याचं निळं झाकण कापून.
कंपालाहून आलेले अभियंता लुबेगा म्हणाले,
"मध्य ठरला की बाकीचं आपोआप ठरतं,"
आणि झाकणात टाचणी टोचली.

मग लोकांना बोलावलं. सूचना, हरकती.
बोडावाल्यांनी आपला थांबा शोधला,
सापडला नाही, तेव्हा हेल्मेटं काखेत धरून
नुसतेच उभे राहिले.
इसिंगोमा शिंप्यानं वाकून विचारलं,
"या दुकानांना दारं कुठल्या अंगाला?"
दारं आम्ही कापलीच नव्हती.

सगळ्यात शेवटी कोबुसिंगे आली, शेंगा विकणारी,
चपला दाराबाहेर काढून,
जणू त्या थर्माकोलातच शिरायचं होतं तिला.
खूप वेळ पाहत राहिली. म्हणाली,
"अपूली, यात सूर्य कुठाय?"

कुणीतरी हसलं.
मी मोबाइलचा दिवा लावून वर धरला.
"असा नव्हे. हा डिसेंबर झाला.
जूनमध्ये तो पार तिकडून येतो, चर्चच्या मागून."

(विषुववृत्त इथून सायकलनं दीड दिवस.
शाळेत मी ते नकाशावर गिरवलं होतं,
अंगावर पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.)

"अर्धं वर्ष आम्ही मुतोमाच्या या बाजूला बसतो,
अर्धं त्या. सावली जाईल तिकडे चटई,
चटई जाईल तिकडे गिऱ्हाईक,
मागोमाग बोडा, मागोमाग निवाडे करणारे म्हातारे.
आणि मार्च संपताना चार दिवस
भर दुपारी सावली बुंध्यातच दडून बसते,
तेव्हा जागेवरून आम्ही भांडतो.
आता तू सांग, मध्य कुठला?"

लुबेगांनी वहीत लिहिलं:
छत्र्यांची मागणी.

संध्याकाळी टेप घेऊन एकटाच गेलो.
मुतोमा उंबराच्या कुळातला, अंगानं ऐसपैस.
त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला
किती वर्षांची टरफलं मातीत दबून
दोन चंद्रकोरी उमटल्या होत्या,
एक थोडी जाड, एक बारीक.
कुणी आखल्या नव्हत्या.
मी फक्त मोजल्या:
अकरा मीटर, आणि नऊला थोडं कमी.

रात्री दोन्ही नकाशावर घेतल्या, तुटक रेघेनं.
कारंजं त्यांच्या पोटात येत होतं,
ते चौदा मीटर पलीकडे सरकवलं,
डाकघराच्या भिंतीलगत.

बैठकीत अध्यक्ष क्यालिगोंझा चष्मा सावरत म्हणाले,
"ही रेघ कसली?"
"पाण्याचा निचरा, साहेब."
निचऱ्याला कधीच कुणी हरकत घेत नाही,
आणि निचऱ्यावर बांधता येत नाही,
हे नियमात आहे, पान छत्तीस.
मंजूर.

लुबेगांना कळलं असावं.
निघताना त्यांनी झाकणातली टाचणी उपटून
माझ्या तळहातावर ठेवली,
बोलले मात्र पावसाळी गटारांबद्दलच.

बोडावाल्यांचा थांबा अजून कुठेच नाही.
इसिंगोमा अधूनमधून येतो,
काडेपेट्यांना ब्लेडनं दारं पाडून जातो,
प्रत्येक वेळी वेगळ्या अंगाला.

टाचणी माझ्या टेबलावर आहे. टोचलेली नाही.
आज सकाळपासून चौकातून
बायकांच्या भांडणाचा आवाज येतोय, चटया ओढल्याचाही.
कॅलेंडरकडे बघायची गरज नाही:
मार्च संपत आलाय.