पेव्हर ब्लॉकचा हिशेब

बिलावर सही माझीच होती.
सात वर्षांपूर्वी, एक लाख चौतीस हजार सातशे,
नाना पेठेतल्या आमच्या चर्चच्या आवारात
करडे-तांबडे पेव्हर ब्लॉक, भिंतीपासून भिंतीपर्यंत.
चिखल नको होता आम्हांला. लग्नात
नवरीचा पांढरा झगा मळतो,
हे माझंच म्हणणं, इतिवृत्तात आहे.

चिंचेभोवती वीतभर गोल सोडला होता,
तोही पुढं कुणीतरी सिमेंटनं बुजवला.
कुणी, ते इतिवृत्तात नाही.

गेल्या चैत्रात
मागच्या चाळीतली खैरूनबी फाटकाशी आली.
चाळीची बोअर आटलेली, कमरेला रिकामी कळशी.
मला वाटलं, पाणी मागेल.
तिनं मान वर करून आमचं लांबलचक छप्पर पाहिलं
आणि विचारलं,
"एवढ्या छपरावरचं पाणी जातं कुठं हो, भाऊ?"

जातं कुठं.
पन्हाळीतून पाइपात, पाइपातून गटारात,
गटारातून नागझरीत,
आणि नागझरीत काय काय जातं
ते सगळ्या पेठेला वासानं ठाऊक.
मी खजिनदार. एकवीस वर्षं पै-पै लिहिली,
थेंबांचा रकाना वहीत नव्हता.

पंचांची सभा तीन तास चालली.
उजागरे मास्तर म्हणाले, मंडळीचं काम आत्म्याचं.
रणभिसेबाई म्हणाल्या, गाड्या कुठं लावायच्या?
शेवटी घंटा वाजवणारा शलमोन उठला,
सभेत तो चहा देण्यापुरताच येतो.
"दफनाला मूठभर माती लागते," म्हणाला.
"आईच्या वेळी आवारातली न्यायची होती मला.
तिनं झाडलंय ना हे, चाळीस वर्षं.
मिळाली नाही."

शनिवारी पहारी आल्या.
दोन आमच्या, तीन कोपऱ्यावरच्या गणेश मंडळाच्या,
मांडवाचे खड्डे खणून धार गेलेल्या.
पाळकसाहेबांनी दुसऱ्याच तासाला कंबर धरली.
निघालेले ब्लॉक पोरांनी नेऊन रचले
चाळीच्या नळाशी, बादल्या टेकायला.
खाली माती होती, फिकट, दडपलेली.
एक गोटी निघाली. पाटीवरच्या पेन्सिलचा तुकडा.
गांडूळ एकही नाही.
शलमोन बोटानं उकरून शोधत राहिला.

मग आठ फुटांचा खड्डा, दगड, विटांचे तुकडे, वाळू,
पन्हाळ वळवली त्यात.
खर्च एकोणीस हजार दोनशे. सही माझीच.

बोअरला पाणी आलं का?
आलं. दिवसाला बारा कळश्या, खैरूनबी मोजते.
तेरावा नंबर ज्याचा, तो अजून टँकरची वाट बघतो.
चिंचेची एक फांदी वाळलीच.
आणि नोव्हेंबरात, अवकाळी येऊन गेल्यावर,
साळव्यांच्या प्रांजलचं लग्न,
झग्याला घोट्यापर्यंत चिखल.
तिच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं
की मी उगाच खुर्च्या मोजायला लागलो.

तेवढ्यात चिंचेखालून शलमोननं हाक मारली.
काडीवर काहीतरी तोलून धरलेलं,
गुलाबी, ओलं, वळवळतं.
"खुर्च्या राहू द्या," म्हणाला,
"हे मोजा."