निबर

हे नाव मी ठेवलेलं नाही.
भिंतीपलीकडची जनाक्का म्हणायची,
आमच्याकडचा आवाज थांबला की,
भाकरी थापता थापता, कौतुकानं की काय कोण जाणे:
"निबर झालंय पोरगं. लागत न्हाई आता त्याला."
मी फक्त त्याला झगा शिवला,
खांदे दोन बोटं वाढवले
आणि खणभागातल्या एका छापखान्यात
दर महिन्याला बत्तीस पानांत उभा केला.

गोळी त्याच्या छातीवर चपटी होते,
रुळावर ठेवलेल्या पाच पैशासारखी.
लोकांनी साखळदंडात बांधून आयर्विन पुलावरून टाकला;
तो हरिपूरच्या संगमावर चालत बाहेर आला
आणि ज्यानं गाठ मारली होती
त्याची बोटं एकेक करून मोडली,
सावकाश, शेंगा फोडाव्यात तशी,
प्रत्येक बोटाला विचारत:
"कळतंय? आणि इथं?"
एसटी स्टँडवरची पोरं
एकमेकांचा हात पिरगाळताना हेच विचारतात.
अंक संपतो.

रंग पिवळा.
संपादक म्हणाले, खलनायक काळा हवा, निदान लाल.
मी म्हणालो, पिवळाच.
कारण सांगितलं नाही.
आप्पा मार्केट यार्डात हमाल, हात कोपरापर्यंत हळदीचे.
गालावर पाच बोटं उठायची तीसुद्धा पिवळी,
आणि मग आई त्याच जागी लावायची
हळद.

आष्ट्याचा एक मुलगा, नववी ब,
दर महिन्याला कार्ड टाकतो:
"त्याचं मर्म कुठं आहे? प्रत्येकाचं असतं."
संपादकांचंही तेच. पन्नासाव्या अंकात मारायचाय, मर्म काढा.
मी शोधतो. मांडी बघितली, बेंबी बघितली,
कानामागं बघितलं, जिथं धरून न्यायचे.
जन्मकथेचं पान मी सबंध काळं छापलं होतं.
लोकांना वाटलं, शाई सांडली.

ते पेव आहे.
हरिपूरला हळदीची पेवं असायची, जमिनीच्या पोटात,
वर माणूस जेमतेम मावेल एवढंच तोंड.
उतरण्याआधी आत कंदील सोडत.
विझला, तर खाली हवा नाही, थांबायचं.
मला सोडलं तेव्हा
कंदील नव्हता.

परवा आप्पांना मिरजेला नेलं. साखर.
डॉक्टरीणबाईंनी तळव्याला टाचणी टेकवली.
"कळतंय?"
"न्हाई."
"आणि इथं?"
"न्हाई."
करंगळीपासून घोट्यापर्यंत त्या विचारत गेल्या,
मऊ आवाजात, माझेच संवाद,
आणि आप्पा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, छताकडं बघत,
न्हाई, न्हाई, न्हाई.
एका ठिकाणी रक्ताचा ठिपका आला. त्यांना पत्ता नाही.
असा दिवस आला तर मला बरं वाटेल, असं वाटायचं.
मी त्यांचा मोजा उलटा झाला होता, तो सुलटा केला.

"हे घराण्यात उतरतं," बाई म्हणाल्या,
"तुम्हीपण तपासून घ्या."
मी चप्पल काढली. डोळे मिटा म्हणाल्या, मिटले.
आत ते काळं पान.
बराच वेळ काहीच नाही.
मग खूप खालून, अंगठ्याच्या मुळाशी,
कुणीतरी दोरी हलवावी तसं
"कळतंय," मी म्हणालो.
इतक्या मोठ्यानं, की आप्पांनी मान वळवली
आणि दचकले.

पन्नासावा अंक टेबलावर तसाच आहे.
पिवळी शाई बुडाला लागलीय.
आष्ट्याच्या मुलाला कार्ड लिहायला घेतलंय;
पत्ता तेवढा लिहून झालाय.